ड्रोन आला, मास्तरांचं काय?

सोलापूर जिल्ह्यात ड्रोन बघायला आता कुणी जमत नाही. लग्नात तो वरातीवर घिरट्या घालतो, आषाढीला पंढरपूरच्या गर्दीवर पोलीस तो सोडतात, आणि कृषी प्रदर्शनात त्याचे दोन-चार स्टॉल ठरलेले असतात. उसाच्या पट्ट्यात भाड्याने फवारणी करून देणारी पोरंही दिसू लागली आहेत. फोटोग्राफरकडे ड्रोन आहे, पोलिसांकडे आहे, बचत गटातल्या ताईंकडे सरकारने दिला आहे. जो माणूस कृषी तंत्र विद्यालयात किंवा कृषी महाविद्यालयात पुढच्या पिढीला शेती शिकवतो, त्याच्या हातात मात्र अजून खडूच आहे. फार तर एक प्रोजेक्टर.

पैसा कुठे गेला ते बघितलं की याचं कारण कळतं. जानेवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानाच्या अटी बदलल्या आणि कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं व आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, संस्थांना ड्रोन खरेदीसाठी 100 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केलं. शेतकरी उत्पादक कंपन्यांना 75 टक्के. पुढच्या वर्षी नमो ड्रोन दीदी योजना आली. 15,000 महिला बचत गट, 1,261 कोटी रुपये आणि ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, म्हणजे 8 लाखांपर्यंत मदत. या योजनेत ड्रोन चालवणाऱ्या ताईंना 15 दिवसांचं प्रशिक्षण आहे. त्यातले 5 दिवस उड्डाणाचे आणि 10 दिवस खतं-औषधं फवारण्याच्या शेतीज्ञानाचे. हे चांगलंच झालं. पण 30 वर्षं नोकरी करून शेकडो विद्यार्थी घडवणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला काय येतं? एक दिवसाची कार्यशाळा, उद्घाटनाची भाषणं, चहा आणि प्रमाणपत्र. राज्याने 2025 मध्ये शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, 500 कोटींची तरतूद सांगितली. त्यातही शिक्षक कुठल्या रांगेत उभा आहे हे कुणीतरी विचारायला हवं.

मागे जिल्ह्यातल्या एका कृषी महाविद्यालयात ड्रोनचं प्रात्यक्षिक बघायला मिळालं. कंपनीची दोन मुलं गाडी घेऊन आली. मैदानात चटई अंथरली, घडी घातलेले पंख उघडले, टाकीत औषधाऐवजी साधं पाणी भरलं. ड्रोन उठला, धुरळा उडाला, विद्यार्थ्यांनी मोबाइल वर केले. मोकळ्या मैदानावर चार फेऱ्या मारून तो खाली उतरला. बॅटरी काढली तर हाताला गरम लागत होती. सगळा कार्यक्रम दहा मिनिटांत आटोपला. या सगळ्या वेळात विभागप्रमुख विद्यार्थ्यांच्या मागे, त्यांच्यासारखेच, मोबाइल धरून उभे होते. एका मुलीने विचारलं, "सर, हे डाळिंबाच्या पानाच्या खालच्या बाजूला लागतं का?" सरांनी कंपनीच्या मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "लागतं की, शंभर टक्के." विषय तिथेच संपला.

त्या मुलीचा प्रश्न त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर विक्रेत्याने दिलं. माझी तक्रार नेमकी हीच आहे. शिक्षकाला उत्तर येत नसेल तर त्यात लाज नाही, पण उत्तर कसं शोधायचं हे त्याला यायला हवं होतं. आणि ते शोधायला स्वतःचा ड्रोन विकत घ्यावा लागत नाही. पिवळे छोटे कागद मिळतात, त्यांवर पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा ठिपका उमटतो. झाडाच्या शेंड्याला, मध्ये आणि खाली, पानाच्या वर आणि पानाखाली असे दहा-बारा कागद टाचायचे. एकदा ड्रोनने साधं पाणी फवारायचं, एकदा ब्लोअरने, म्हणजे हवेच्या झोताने फवारणाऱ्या यंत्राने. मग कागद उतरवून ठिपके मोजायचे. दोन तासांत वर्गाला कळतं की पंख्यांच्या झोताने पानं हलतात तेव्हा खालपर्यंत किती पोचतं आणि दाट फांदीच्या पोटात किती कोरडं राहतं. ड्रोन एकरी साधारण 10 लिटर पाण्यात काम उरकतो, त्याच बागेला ब्लोअरने शेकडो लिटर द्रावण लागतं. हा फरक फळ्यावर लिहून समजत नाही, ते ठिपके डोळ्यांनी बघावे लागतात. हे कागद महाग नाहीत. पण असे कागद असतात आणि ते वर्गात असे वापरायचे असतात, हे शिक्षकाला कुणी सांगितलेलं नाही.

बीएस्सी कृषीच्या अभ्यासक्रमात भूमाहितीशास्त्र, नॅनो तंत्रज्ञान आणि काटेकोर शेती असा एक विषय, अभ्यासक्रम सुचवणाऱ्या पाचव्या डीन समितीच्या शिफारशींनंतर, म्हणजे 2016-17 पासून आहे. श्रेयांक 1+1, एक भाग थिअरी, एक भाग प्रात्यक्षिक. म्हणजे अडचण अभ्यासक्रमाची नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत उपग्रहांची आकृती काढली जाते, जीपीएसची व्याख्या लिहिली जाते, खाली सही होते आणि वही कपाटात जाते. ही शिक्षकाची हयगय आहे असं मला वाटत नाही. त्याला कुणी कधी शेतात नेऊन हे शिकवलंच नाही. त्याच्या स्वतःच्या पदवीच्या काळात हा विषय नव्हता.

आणि काटेकोर शेती म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी यंत्र येतं, हा दुसरा घोळ. एकाच शेतात सगळीकडे सारखं नसतं, हे ओळखून त्याप्रमाणे बी, पाणी, खत देणं, एवढाच तिचा गाभा आहे. सोलापूरच्या माणसाला हे नव्याने सांगायची गरज नाही. उत्तर सोलापूर, मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या कुठल्याही रब्बीच्या रानात डिसेंबरच्या अखेरीस उभं राहा. वरच्या टोकाला, जिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तिथली ज्वारी करपलेली, कणसं बारकी. उताराने खाली यावं तशी काळी माती खोल होत जाते आणि तीच पेरणी, तेच बी, कमरेच्या वर हिरवंगार उभं असतं. ज्वारी इथे पावसावर कमी आणि जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर जास्त जगते. मोहोळच्या केंद्रावर 1930च्या दशकात निवडलेली मालदांडी 35-1 ही ज्वारीची जात आजही टिकून आहे ती या ओलीशी तिचं जमतं म्हणून. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र 1933 पासून आहे. ओल, मातीची खोली आणि बांधबंदिस्ती यांचा हिशोब या मातीत नव्वद वर्षं चालू आहे. काटेकोर शेती शिकवायला यापेक्षा चांगली शाळा कुठे मिळणार?

शेतकरी तर पुष्कळदा कॉलेजच्या पुढेच असतो. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी बागेतली वेगळी वाढणारी काडी हेरली आणि तीतून सोनाका हा द्राक्षाचा वाण काढला. थॉम्पसनच्या हजारो वेलींत एक वेल वेगळी वागतेय हे दिसणं, ती बाजूला काढणं, वाढवून बघणं, याला वेगळं काही नाव द्यायची गरज नाही. कासेगाव-पंढरपूरचा द्राक्ष बागायतदार कित्येक वर्षं देठ परीक्षण करून, म्हणजे पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासून, मगच खताचा डोस ठरवतो, ठिबकमधून विद्राव्य खत तासांच्या हिशोबाने सोडतो. त्याचाच मुलगा कृषी पदविकेला आला की फळ्यावर त्याला 'सेन्सरचे फायदे' असे दहा मुद्दे लिहून घ्यावे लागतात. मुलगा कंटाळतो, आणि त्याचं चुकत नाही.

शिक्षकाला आधी काय शिकवायचं, असं मला विचाराल तर मी ड्रोन दुसऱ्या वर्षी ठेवीन. पहिल्या हंगामात उपग्रह. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, आणि त्यातला एक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटरचा असतो. म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकराच्या शेतात चाळीसेक चौकोन, प्रत्येक गुंठ्याला एक आकडा. आपल्या शेतकऱ्याचा हिशोब गुंठ्यातच चालतो, आणि उपग्रहानेही नेमकं तेच मोजमाप धरलंय, हे वर्गात सांगितलं की मुलांचे डोळे चमकतील. हिरवं, जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा, येतो. क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालतं. खरिपात ढगांमुळे ही चित्रं पुष्कळदा वाया जातात, पण आपला जिल्हा रब्बीचा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी इथलं आभाळ बहुतेक स्वच्छ असतं. बाकी कुठे नसेल तितकी सोय सोलापूरला आहे आणि आपण ती वापरत नाही.

यानंतर खरा धडा सुरू होतो. चित्रात एक पट्टा पिवळा दिसला, तर तो का पिवळा, हे उपग्रह सांगत नाही. ओल कमी पडली तरी पिवळा, नत्र कमी पडलं तरी पिवळा, मुळं कुजली तरी पिवळा. आणि गवताने शेत खाल्लं तर तेही हिरवंगार दिसतं, एनडीव्हीआय एकदम झकास! म्हणून ऑगर, म्हणजे मातीत भोक पाडायचं गिरमीट, घेऊन त्या पिवळ्या चौकोनात जायचं, दर दहा पावलांवर भोक पाडायचं, मुरूम किती खाली लागतो ते वहीत मांडायचं, माती मुठीत दाबून बघायची. उजनीच्या लाभक्षेत्रात जिथे वर्षानुवर्षं उसाला पाटपाणी देऊन जमीन क्षारपड होत चालली आहे, तिथे हाच उलगडा आणखी मोलाचा. वरून दिसणारा डाग आणि जमिनीवरचा पांढरा थर एकमेकांशी जुळवायला शिकलेला विद्यार्थी उद्या सहायक कृषी अधिकारी झाला, खत दुकानात बसला किंवा घरचीच शेती केली, तरी उपयोगाचा. नुसता ड्रोन उडवणारा मात्र बॅटरी संपली की घरी.

ड्रोनवर राग आहे असं कुणी समजू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला रुमाल बांधून कपाशीत शिरणारी माणसं होती ती. ड्रोनमुळे माणूस औषधाच्या धुक्यापासून लांब राहतो, एवढ्या एका कारणासाठीही तो शिकवायला हवा. आठ-दहा महिन्यांच्या उसात माणूस शिरूच शकत नाही, पानं अंग कापून काढतात, तिथे ड्रोन खरोखर कामाचा आहे.

पण सांगोल्याचं उदाहरण घ्या. गेल्या काही वर्षांत पिन होल बोररने तिथल्या डाळिंबाच्या बागाच्या बागा उपटायला लावल्या. हा भुंगेरा खोडात शिरतो, सुईच्या टोकाएवढं छिद्र पाडतो, खाली भुसा पडतो. ड्रोनला हे काही दिसत नाही. ड्रोनला झाड पिवळं दिसेपर्यंत आतला कारभार आटोपलेला असतो. उपायही खोडालाच. गेरू, कीटकनाशक आणि ताम्रयुक्त औषध यांचा लेप हाताने लावायचा, बुंध्याशी वाकून. इथे "ड्रोन नको, गुडघ्यावर बसा" असं शिक्षकाला ठामपणे सांगता आलं पाहिजे. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचंही तसंच. पानाखाली, फळाच्या देठाशी औषध पोचतं की नाही, हे ते पिवळे कागद सांगतील. विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. शिक्षकाला मात्र नाही म्हणता आलंच पाहिजे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आहे, सोलापूर शहराच्या दारात. तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर तालुक्याच्या कृषी शिक्षकांनी बागेत आठ दिवस घालवले तर या प्रश्नांची उत्तरं कंपनीच्या माणसाकडे मागावी लागणार नाहीत.

कायद्याचं एक मोठं ओझंही शिक्षकाच्या डोक्यावर येणार आहे, त्याकडे कुणाचं लक्ष नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी किमान वय 18 आणि शिक्षण दहावी पास. कृषी तंत्र पदविकेला मुलं दहावीनंतर येतात, सोळाव्या वर्षी. म्हणजे फवारणीचा ड्रोन त्यांच्या हाती देताच येत नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आणि व्यापारी काम नसेल तर 2 किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला हे प्रमाणपत्र लागत नाही. वर्गासाठी वाट आहे ती हीच. शिवाय होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या परिसरात परवानगीशिवाय काही उडवता येत नाही, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ उडवायचं धाडस कुणी करूही नये. हे सगळं ज्याला माहीत नाही असा शिक्षक एक तर घाबरून ड्रोनला हातच लावणार नाही, नाही तर उत्साहात काहीतरी करून बसेल आणि प्राचार्य पोलीस ठाण्यात. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. गावात चार प्रश्न विचारून समजावणारा एक जाणता मास्तर असता तर लोक इतके भेदरले नसते.

शिक्षकांना हे सगळं शिकवावं, या मागणीवर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, दोन एकराच्या शेतकऱ्याला हे कशाला? त्याचं उत्तर वर आलंच आहे. उपग्रहाचा चौकोन गुंठ्याचा आहे, आणि एका गुंठ्याचा नुकसान-नफा दोन एकरवाल्यालाच जास्त जाणवतो. दुसरा आक्षेप असा की मुलं यूट्यूबवरून शिकतात, शिक्षकाची गरज काय. मुलं शिकतात हे खरं, आणि बरंच लवकर शिकतात. पण यूट्यूबवर दिसणारं शेत बहुधा सपाट असतं, काळं असतं आणि दुसऱ्या कुणाचं तरी असतं. आपल्या उतारावरच्या मुरमाड पट्ट्यात तोच उपाय चालेल का, हे सांगायला समोर माणूस लागतो.

एका अडचणीला मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. बऱ्याच खाजगी महाविद्यालयांत शिक्षक कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर आहेत. आज प्रशिक्षण दिलं तर पुढच्या वर्षी तो दुसरीकडे असेल, किंवा ड्रोनच्या कंपनीतच जास्त पगारावर लागेल. संस्थाचालक म्हणतात, आम्ही खर्च का करावा. त्यांचं बोलणं टाकाऊ नाही. म्हणून हे प्रशिक्षण संस्थेवर न सोडता जिल्ह्याने करावं. शिक्षक सांगोल्यातून बार्शीला गेला तरी जिल्ह्यातच राहील. कंपनीत गेला तरी निदान विक्रेता म्हणून "शंभर टक्के" म्हणताना जीभ थोडी अडखळेल!

प्रशिक्षण हंगामभराचं हवं, कार्यशाळेचं नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारीची पेरणी होते तेव्हा सुरुवात. प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावच्या एका शेतकऱ्याचा एक तुकडा निवडावा, मालकाशी बोलून, त्याची परवानगी घेऊन. महिन्यातून दोन शनिवार सोलापूरच्या विभागीय संशोधन केंद्रात किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात भेट, बाकी वेळ आपापल्या शेतात. जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत सगळ्यांनी आपले नकाशे घेऊन एकत्र बसावं, कुठे चुकलं ते एकमेकांना दाखवावं. फेब्रुवारी-मार्चला कापणी झाली की चौकोनाप्रमाणे पिकाचा उतारा तोलावा. दुसऱ्या वर्षी ड्रोन. राहुरीच्या कृषी विद्यापीठात जागतिक बँकेच्या मदतीने हवामान अनुकूल शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं प्रगत केंद्र उभं राहिलं, तिथे ड्रोन, सेन्सर हाताळणारी माणसं तयार झाली. त्यांनी चार दिवस इकडे यावं. शिक्षकांना राहुरीला बोलावून सभागृहात बसवण्यापेक्षा ते बरं.

परीक्षाही बदलावी लागेल, नाही तर प्रशिक्षित शिक्षकसुद्धा व्याख्याच लिहून घेईल. बाहेरून आलेल्या परीक्षकाने तोंडीला ड्रोनचे भाग विचारत बसू नये. विद्यार्थ्याच्या वहीतला नकाशा उघडावा, एका चौकोनावर बोट ठेवावं आणि इथे खणल्यावर काय निघालं ते विचारावं.

राहिला खर्च. एका संस्थेला एका ड्रोनसाठी जे 10 लाख मिळू शकतात, तेवढ्यात 20 शिक्षकांना प्रत्येकी 50 हजार येतात. हंगामभराचा प्रवास, एक ऑगर, पिवळ्या कागदांचे गठ्ठे, 250 ग्रॅमच्या आतला एक छोटा ड्रोन आणि मोबाइलचा डेटा यात बसतो. जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांच्या निधीतून दरवर्षी काही ना काही यंत्रं घेतली जातात. यंदा त्यातला एक हिस्सा शिक्षकांच्या नावाने मागायला कृषी शिक्षकांच्या संघटनांनीच पुढे यावं. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्यासाठी अर्ज करणार नाहीत.